कणकेची खळ

शारजात घराला पत्ता नसतो.
असते ती पोस्टातली पेटी, कंपनीच्या नावाची.
तिची चावी नऊ वर्षं माझ्या करगोट्याला.
सोमवारी आणि गुरुवारी मी ती उघडतो:
बँकेची पाकिटं, कोर्टाचे कागद, सिमेंटवाल्यांची बिलं,
आणि तळाशी चपटून बसलेलं
एखादं माणसाचं पत्र.

आता पत्रं कोण लिहितं?
मोहकमसिंग लांगरीची माय लिहायची.
तिला फोनवर ऐकू येत नाही,
म्हणून महिन्याला एक, निळ्या शाईत,
अर्धं गुरुमुखी, अर्धं मराठी,
आणि कोपऱ्यात दर वेळी तेच तिकीट:
नांदेडचा दरबार, अंगठ्याच्या नखाएवढा,
कातरलेल्या दात्यांच्या कुंपणात.

पहिलं पाकीट माझ्या हातातच राहिलं.
मी भोकरचा.
बारावीच्या परीक्षेला नांदेडात होतो तेव्हा
खानावळीला पैसे नव्हते, तीन आठवडे लंगरात जेवलो.
तू कोण, कुठला, कुणी विचारलं नाही.
डोक्याला बांधायला रुमाल दिला,
आणि दाळ वाढणाऱ्यानं, बघत नव्हता तरी,
दुसरी रोटी दोन्ही हातांनी दिली.

पत्र घेऊन क्रेनखाली गेलो.
वरून उतरला तो: निळी पगडी, दाढीत धूळ,
मी हिंदीची जुळवाजुळव करत होतो,
तर म्हणाला, "बघायलास काय? दे की इकडं."

सात पिढ्या गोदावरीच्या काठावर.
"पंजाब मी अजून बघितला नाही," म्हणायचा,
"कॅम्पातली जालंधरची पोरं हसतात माझ्या बोलीला,
पण तिकीट दिसलं की आधी कपाळाला लावतात,
मग म्हणतात, पत्र वाचून दाखव."

मी एक तिकीट मागितलं, मुलीच्या वहीसाठी.
त्यानं नाही म्हटलं. मग सांगितलं,
माय त्याला जीभ लावत नाही.
दरबाराला थुंकी लावतं का कुणी?
चिमूटभर कणकेची खळ शिजवते, बोटानं लावते,
आणि वजिराबादच्या पोस्टात खिडकीपाशी उभी राहून
मास्तराला सांगते, शिक्का कोपऱ्यावर मार बाबा.
मास्तर कधी ऐकतो, कधी घाईत असतो.

घाईतले शिक्के मी पाहिलेत.
घुमटावर काळी वर्तुळं, पायऱ्यांवर तारीख.
तीही तो फेकत नसे.
केबिनीत, काचेच्या वर, डोक्याहून उंच,
एकवीस तिकिटं ओळीनं.
अठ्ठावीस मजल्यांवर वाऱ्यात हलायचा
त्याचा तो दरबार.

मग कंपनी बसली.
सात महिने पगार नाही. साइटला साखळी, साखळीला सील.
गुरुद्वाऱ्यातल्यांनी वर्गणी काढून त्याला विमानात बसवलं.
तिकिटं काढायला वर जाऊ दिलं नाही.
मला ठेवलंय अजून;
नोटिसा घ्यायला कुणीतरी लागतं.

आणि काल, गुरुवारी, पेटीत पत्र.
तो घरी पोचून सोळा दिवस झालेले,
पत्र वाटेतच कुठं तरी त्याला ओलांडून आलं.
मायनं लिहिलं असेल, कधी येतोस.

उघडलं नाही. परत धाडायचं ठरवलं,
मोठ्या पाकिटात घालून, आत त्याचं नाव तसंच.
वरती इथलं तिकीट लागणार, ससाण्याचं.
सवयीनं ते जिभेकडे नेलं,
आणि थांबलो.

ससाण्याला काय कळतंय, म्हणालो,
पण उठलो.
कॅम्पाच्या सामायिक शेगडीवर
बंगाली पोरांचा भात रटरटत होता.
त्यांना म्हटलं, दोन मिनिटं द्या.
वाटीत कणीक, पाणी, चमच्याची दांडी.
गुठळ्या झाल्या. पुन्हा केली.

पोस्टात खिडकीपलीकडे मलबारी बाई,
हातात शिक्का उचललेला.
मी म्हटलं, बाई, जरा कोपऱ्यावर.
तिनं विचारलं, का, आत काय आहे?