अर्थिंगला पाणी

शरद पौर्णिमा सरली की बडोद्यात बेस गिटार स्वस्त होते.
नऊ रात्री एका मंचावर घाम गाळलेली मंडळी
दहाव्या दिवशी हिशेबावरून भांडतात,
आणि दिवाळीच्या तोंडावर कुणाला तरी पैसे हवेच असतात.
हे मला मॅकवाननीच सांगितलं,
आणि स्वतःच्या गिटारचा एक रुपया कमी केला नाही.

फतेगंजात, चर्चमागच्या गल्लीत,
त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली.
काळपट लाल अंग. मनगट टेकतं तिथला रंग जाऊन
लाकूड उघडं पडलेलं.
बावीस नवरात्रांचं मनगट.

"दीकरा माटे?"
म्हटलं, नाही, माझ्यासाठी. एप्रिलमध्ये पोस्टातून निवृत्त झाले.
ते नुसतेच हसले. मला वाटलं, मला हसले.
मग कळलं, त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

स्पीकरशेजारी उभं राहून राहून
आधी वरचे सूर गेले,
मग कुकरची शिट्टी, मग नातीचं बोलणं.
खालचे तेवढे उरलेत, म्हणाले,
आणि ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर तळहात ठेवून
मला म्हणाले, वाजवा.

मला कुठं येत होतं!
भाच्यानं एवढंच शिकवून पाठवलेलं:
मान डोळ्यासमोर धर, बंदुकीसारखी, वाकलीय का बघ,
बटणं फिरवून खरखर ऐक, घाई दाखवू नकोस.
मी सगळ्यात जाड तार ओढली.
"पाचव्या पडद्यावर गुणगुणते," ते म्हणाले,
"मागून म्हणाल, सांगितलं नाही."
स्पीकरचा कागद एका जागी फाटलेला,
टिश्यू आणि फेविकॉलनं सांधलेला:
अकरा सालची अष्टमी, पाऊस.
जाळीला उंदराचे दात: लॉकडाऊन.
प्रत्येक खोटीला तिथी होती.
असा माल मी आयुष्यात पाहिला नव्हता.
नऊ हजार मोजले. पट्टा त्यांनी वरून दिला.

रिक्षावाल्यानं खोक्याचं वेगळं भाडं लावलं, अख्ख्या माणसाचं.

करेलीबागेत आणून लावलं, तर नुसतीच घूं.
तारेला हात न लावता घूं.
मॅकवानना फोन करून उपयोग नव्हता, परत गेले.
त्यांनी लाइटबिलाच्या पाठीवर एकच शब्द लिहून दिला.
मग रणछोड वायरमन आला, अंगणात खड्डा केला,
तांब्याची पट्टी, वर मीठ, वर कोळसा,
पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा,
शेजारच्या शिर्केवहिनींनी विचारलं, लोणचं पुरताय का.
संध्याकाळी बटण दाबलं.
शांतता एवढी जाड असते हे मला माहीत नव्हतं.

नव्या तारा परवडत नाहीत. जुन्याच उकळते,
वरणाच्या पातेल्यात, चिमूटभर सोडा टाकून.
पाण्यावर तवंग येतो,
माझ्या बोटांचा नाही इतका.
पुसून, वाळवून परत चढवल्या की महिनाभर
नव्यासारख्या खोटं बोलतात.

मे महिन्यात घूं परत आली.
रणछोड म्हणाला, जमीन सुकली, बाई, पाणी घाला.
तेव्हापासून सकाळी तुळशीला तांब्या, खड्ड्याला बादली.
पन्नाशी उलटून गेल्यावर
मी विजेला पाणी घालणारी बाई झाले.

मॅकवान रविवारी प्रार्थनेनंतर येतात.
चहा घेतात, बोलत नाहीत,
खोक्यावर तळहात ठेवून डोळे मिटतात.
चार सुरांची एक चाल मला जमते, त्यातला तिसरा लागला
की स्वयंपाकघरात कुठलंतरी झाकण थरथरतं.
बरेच दिवस शोधलं. चिवड्याचा डबा निघाला.

त्यांना ते ऐकू येत नाही.
मी उठते, डब्याखाली फडकं सारते.
परत येईतो त्यांचा हात तिथंच असतो,
खोकं गप्प, हात तिथंच.
मी बसते, आणि पाचव्या पडद्यापासून पुन्हा.