शिवता शिवता

उदगीरला, खताच्या दुकानावर
पत्र्याच्या खोलीत माझा इंग्रजीचा क्लास.
बावीस पोरं, आणि शेवटच्या बाकावर
सातनंतर दुकान वाढवून आलेले मकदूम टेलर.
वय एकसष्ट. कानावर पेन्सिल, गळ्यात टेप.
फी नाही, माझे ब्लाउज फुकट, असा करार.

कशाला शिकायलात चाचा, विचारलं
तर खिशातून चार घड्यांचं बिल निघालं:
मशीनची मोटार, दोन दिवसांत बंद.
कंपनी लुधियानाची. फोनवर ऐकून घेते
आणि ठेवून देते.
आता कागदावर भांडायचं होतं.

त्या दिवशी फळ्यावर समांतर रचना.
तिडक्यांच्या विश्वंभरनं लिहिलं:
मदर लाइक्स टू कुक, टू वॉश अँड सिंगिंग.
तिसरं चुकलंय, मी म्हटलं.
का, ते कुणाला सांगता येईना.
मागून आवाज: "दो बाह्या हाफ, एक फुल."
तीन बाह्यांचा सदरा कुणाचा हो चाचा?
वर्ग फिदीफिदी हसला.
चाचा उठले, सिंगिंगचं शेपूट पुसलं,
अलीकडे टू लावलं,
आणि दोन बोटांनी फळा झटकला,
उसवलेले दोरे झटकावेत तसा.

पुढच्या आठवड्यात कृदंत.
स्वल्पविरामाच्या पलीकडं लगेच
त्याचा धनी उभा पाहिजे, मी शिकवलं.
त्यांनी वहीत लिहून घेतलं: काजासमोर बटण.
आणि पत्राचा मसुदा आणला.

रनिंग ओन्ली टू डेज, आय स्टॉप्ड.
दोन दिवस चालून मी बंद पडलो.
चाललं कोण, चाचा?
मोटार.
मग मोटार लिहा.
ते कागदाकडं बघत राहिले.
"मोटर बंद तो मैं बी बंदच ना, म्याडम."
तरी खोडलं.

खालचं वाक्य जड गेलं:
स्युइंग ऑल नाइट, ईद केम.
आपल्यात यात काहीच बिघडत नाही.
रात्रभर शिवता शिवता ईद आली.
शिवणारा कोण, ते सांगावं लागत नाही,
अख्ख्या गल्लीला मशीन ऐकू येत असतं.
इंग्रजीत मात्र ईदच बसलेली दिसते मशीनवर,
नाकावर चष्मा, तोंडात दोरा,
पायाशी कुर्त्यांचा ढीग.
मी समजावलं. त्यांना ते फारच आवडलं.
"रहने दो. इसमें गलत क्या है?"
मी म्हटलं, परीक्षेत अर्धा मार्क जाईल.
परीक्षा कुठं होती?
पण लाल पेन माझ्या हातात होतं, मी खोडलं.

त्या रात्री घरी येताना लाईट गेली.
अंधारात उभं राहून वाक्य उलटून बघितलं:
लाईट घरी येत होती,
आणि मधूनच गेली.
एकटीच हसले. समोरचं कुत्रं भुंकलं.

पत्र गेलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं,
कंपनीच्या छापील कागदावर, शिक्क्यासकट:
हॅविंग एक्झामिन्ड युअर लेटर,
द मोटर विल बी रिप्लेस्ड.
पोरं पेढे मागायलीत.
चाचांनी चष्मा वर केला, खाली केला,
खिशातून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढला
आणि स्वल्पविरामाभोवती गोल केला.
"खत किसने पढा म्याडम? मोटरने?"

मोटार आली. जुनीपेक्षा मोठ्यानं वाजते,
वर क्लासपर्यंत ऐकू येते.
काल माझ्या ब्लाउजची डावी बाही
उजवीपेक्षा अर्धा इंच आखूड निघाली.
मी काही बोलले नाही.
पदर डावीकडं घेतला
आणि वर्गात शिरले.