मानशीची फळी

चोडणहून रायबंदरला पोचायच्या आत
फेरीबोटीवर कुणीतरी विचारायचंच,
"कितें रे, दर्यो आडायलो?"
आणि मोटरसायकलींच्या मधे दाटून उभे असलेले लोक हसायचे.
वाईट नव्हते ते.
त्यांच्याच शेतांवरून बोट जात होती
आणि त्यांनी कधीच तिकडे बघणं सोडलं होतं.

आम्ही चौघं. तेवीस वर्षांची वेलिता सगळ्यांत मोठी,
भरती-ओहोटीचं कोष्टक तिला तोंडपाठ.
गौरांगकडे आज्याची कुदळ,
दामियांवकडे हप्त्यावरची होडी.
माझ्याकडे वही, आणि वहीत
बारा वर्षांपूर्वी बांध कुठे फुटला त्याचं चित्र,
ज्यांना विचारलं त्या प्रत्येकाने
वेगळ्या जागी बोट ठेवलेलं.

बाबा म्हणाले, तारवावर जा.
दोन कॉन्ट्रॅक्टं मार, मग खेळ माती.
बँकेतल्या बाईंनी तारण विचारलं.
"चिखल," वेलिता म्हणाली.
बाईंनी चष्मा काढून पुसला,
अर्ज परत दिला. घडी मात्र नीट घालून.

पास्कोल मेस्त तेवढा हसला नाही.
त्याने एकच विचारलं,
"फळी कसल्या लाकडाची?"
फणसाची.
तो पोयेत थुंकला आणि घरी गेला.

अवसेच्या भरतीला फळी चिरली.
रात्री दोनला, कमरेइतक्या पाण्यात
आम्ही हातांनी माती दाबत होतो
आणि माती हातांतून निघून जात होती,
आपल्याला कुठे जायचंय ते ठाऊक असल्यासारखी.
सकाळी खाजन पुन्हा नदी झालं होतं.
त्या दिवशी बोटीवर कुणीच काही विचारलं नाही.
ते जास्त लागलं.

खरं सांगते,
त्यांच्या हसण्याची मला भीती नव्हती.
ते बरोबर असतील, याची होती.
रोज संध्याकाळी वही उघडायचे
आणि तारीख लिहून मिटायचे.

मग एकदा मानशीपाशी गेलो तर
माट्टीच्या तीन फळ्या उभ्या टेकलेल्या.
चिठ्ठी नाही, काही नाही.
कडेला रंध्याने काढलेली ताजी खाच,
पाणी येताना आपोआप मिटेल
आणि जाताना उघडेल
अशा कोनात.
गौरांग तिच्यावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिला.

त्यानंतर दोन पावसाळे गेले.
कोरगुटाचं बी दामियांवच्या मावशीच्या
माळ्यावरच्या डब्यात निघालं, मूठभर.
पेरलं त्यातलं अर्धं उंदरांनी नेलं,
उरलेलं कसंबसं घोट्याएवढं उभं आहे.
एवढंच झालंय.

परवा बोटीवर पुन्हा तोच आवाज,
"कितें गो, दर्यो आडायलो?"
मी पिशवीतून बाटली काढली. शेतातलं पाणी.
चाखून बघ, म्हटलं.
सगळे बघत होते, म्हणून त्याने बोट बुडवलं,
जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं.
"खारेंच आसा."

बोट धक्क्याला लागली. साखळी खडखडली.
मोटरसायकली सुरू झाल्या.
तो अजून जीभ टाळूवर फिरवत होता,
काहीतरी जुनं आठवत असल्यासारखा.

"पूण उणें," तो म्हणाला,
आणि बाटली परत न देताच उतरला.