काखेत आकडा

उणे अठरा.
यंत्र म्हणतं, थंडी वाजतेय, मी मोजणार नाही.
म्हणून ते काखेत धरलंय, लोकरीच्या दोन थरांखाली,
आजारी पिल्लू धरावं तसं,
आणि स्कीचे चाप लावतेय एका हाताने,
लागतील तसे.

शाळेमागून सुरू होते ही वाट.
त्याच शाळेत एकतीस वर्षं लापशी ढवळली मी,
कुहमोतल्या निम्म्या गावाची हाडं
माझ्या डावाने भरली आहेत.
बोटांना अजून कळतं, पीठ कधी पुरे झालं ते.
पोटाला आता विचारत नाही.

हिल्क्का रविवारी येते, डबा घेऊन,
राईच्या पारीत मऊ शिजलेला तांदूळ,
वर अंड्याचं लोणी.
ती म्हणते, एकाने काय होतंय, रैली?
एकाने काय होतं ते
रात्री दोनला मला माहीत असतं, तिला नसतं.
मी वरचं लोणी तेवढं खाते. ती रुसते.
पारी मग कुत्र्याला.

पहिले पंधरा दिवस पाय माझे नव्हतेच,
कुणाचे तरी ओले ओंडके बांधून चालल्यासारखे.
दुसऱ्या दिव्याशीच बसले होते बर्फात, भोवळ येऊन.
रक्तदाब पाहून पिल्वी सिस्टर म्हणाली,
मीठ कमी पडतंय तुला, भाकरीबरोबर तेही गेलं.
तेव्हापासून थर्मासमध्ये हाडांचं सूप,
समुद्रासारखं खारट.
समुद्र मी दोनदाच पाहिलाय.

आज जेवणात बोटभर मासे, लोण्यात कुरकुरीत,
आणि कोबी. बस.
निघताना सहा पूर्णांक एक.
टेकडी चढले, धापा टाकत, शेवटी शेवटी
काठ्यांना शिव्या देत.
वर दिव्याखाली बोट टोचलं:
नऊ पूर्णांक चार.

नऊ!
कुणी खाल्लं? मी तर नाही खाल्लं.
कोबीत एवढी साखर असती
तर गावाने कोबीचाच केक केला असता.

आणि मग आलमा आठवली, माझी सासू.
लढाईतली टंचाई तिच्या हाडात मुरलेली.
जिन्याखाली दुधाच्या कॅनमध्ये साखर,
किल्ली गळ्यात,
नातवंडांना खडा मागितला तर दोन प्रश्न आधी.
पण दारात कुणी धावत, धापा टाकत आलं,
की ही बाई काही विचारायची नाही,
कॅन उघडायची आणि मूठमूठ ओतायची,
आधी खा, मग सांग कोण मागे लागलंय.

तसंच काहीतरी बसलंय
माझ्या उजव्या बरगडीखाली.
मागे कुणी लागलं नव्हतं, आलमा.
टेकडी होती नुसती. मीच चढत होते. हौसेने.

मग उतार, मग तळ्याकाठचं सपाट,
घाई नाही, लय तेवढी,
डावी, उजवी, बर्फाची कुरकुर,
नाकाच्या शेंड्याला काही कळत नाही,
मांड्यांना सगळं कळतं.
साठीनंतर शरीराशी ओळख होते
ती अशी, एकेका स्नायूची, उशिरा,
शेजारी बदलीवर निघाल्यावर नाव कळावं तशी.

नऊ वाजले. नगरपालिकेने दिवे घालवले.
एकदम, वाटेच्या मध्यावर.
काखेत आकडा, आणि मी जंगलाला वळसा घालतेय,
तो बघायला उजेड नाही.

मागून काठ्यांचा आवाज, कपाळावर बॅटरी.
आर्त्तू. सहावीत पाव खिशात लपवायचा,
आता ट्रक चालवतो, पोट सुटायला लागलंय त्याचं.
काय झालं, पडलात का?
नाही रे, उजेड धर जरा.
त्याने धरला. मी टोचलं. थेंब काळा दिसला.
त्यानेच वाचलं, वाकून, शाळेत वाचायचा तसं
एकेक अक्षर लावत:
सहा पूर्णांक आठ.
हे बरं, का वाईट?

आलमाला विचारायला हवं, मी म्हटलं.
कोण आलमा?
सूप पितोस का, मी म्हटलं. खारट आहे.