अकरानंतर एकवचन

रास अल खैमाच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
आमचं टायपिंगचं ऑफिस. दोन टेबलं आणि एक एसी,
जो गारव्यापेक्षा आवाजच जास्त करतो.
तुळाजी मांडवकर, वेल्डर, तालुका लांजा,
खुर्चीच्या कडेवर टेकतो, पूर्ण बसत नाही.
"ताई, एवढंच लिहा, पगार मिळाला नाही."

एवढंच.
मराठीत तीन शब्द आणि एक आवंढा.
अरबीत मला आधी ठरवावं लागतं, कुठला 'नाही'?

'लैसा' आहे, आपल्या 'नव्हे'चा लांबचा चुलता.
'लन्' आहे, येणाऱ्या सगळ्या दिवसांना कुलूप लावणारा.
'ला' कधी नुसताच 'नको' म्हणतो.
पण इथे खरी निवड 'लम्' आणि 'लम्मा' यांच्यातली.
लम् : नाही मिळाला. संपलं, फाईल बांधा.
लम्मा : अजून नाही मिळाला,
म्हणजे उंबऱ्यावरची नजर अजून हटलेली नाही.

उस्ताद तिजानी, ओमदुरमानचे, मागच्या टेबलाशी
साखर केव्हाच विरघळलेला चहा ढवळत असतात.
चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं,
आता पंधरा दिरहमला एक पान टाईप करतात.
"बिन्ती, कर्मणी नको," ते म्हणतात.
"'दिला गेला नाही' म्हटलंस की
पगारच कर्त्याच्या खुर्चीत जाऊन बसतो,
डोक्यावर कर्त्याची दम्मा चढवून.
नाइब-फाइल म्हणतात त्याला.
न देणारा वाक्यातून केव्हाच बाहेर. गाडीत बसून घरी."
मी तुळाजीला मराठीत समजावते.
'नायब' ऐकून तो दचकतो,
एक नायब तहसीलदार त्याने पाहिलेला आहे.

किती महिने?
तो पेरांवर मोजतो, मी मनात.
पहिला एकवचनी, शहर.
(इथे शहर म्हणजे महिना. शहर म्हणजे शहर नव्हे.)
दोनाला या भाषेत स्वतंत्र खोली आहे, शहरान.
तेव्हा त्याने घरी सांगितलं, बँकेचा घोळ आहे.
तीनपासून दहापर्यंत अनेकवचन,
उसने दिरहम, एका टोपात आठ जणांचा भात,
बायकोच्या पाटल्या लांज्याच्या सोनाराकडे.
आणि अकरा?
अकरापासून ही भाषा महिना पुन्हा एकवचनी करते,
अहद अशर शहरन.
शिकताना मला हा नियम निव्वळ लहरी वाटला होता.
तुळाजी ऐकतो, मान हलवतो.
"बरोबरच आहे की. पुढे एकच महिना असतो, ताई.
तो संपत नाही."

उस्तादांचा चमचा थांबतो.

मी टाईप करते :
लम्मा तदफइ श्शरिकतु…
कंपनी अरबीतही बाईच.
तिला कर्त्याच्या जागी बसवते, नावासकट, दम्मासकट,
परवान्याच्या नंबरासकट.
लम्माने क्रियापदाच्या शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेला,
आणि पुढच्या शब्दाचं तोंडही मुकंच.
अशी दोन मुकी अक्षरं शेजारी आली
की मधे एक कसरा द्यायची,
ओळीखाली, नखाच्या ओरखड्याएवढी.
तिला अर्थ नाही. नुसतं बोलता यावं म्हणून.
अर्जात ती कुणी लिहीत नाही, जज तिच्यावाचूनही वाचतात.
मी दिली.
"ही काडी कसली?" तुळाजीने विचारलं.
काय सांगू? म्हटलं, असू दे.

उस्तादांनी पावतीपुस्तक उघडलं,
जरा वेळ त्यात पाहिलं,
मिटलं.

बाहेर, एसीचं पाणी ठिबकतं तिथे उभा राहून
तो घरी फोन लावतो. काचेतून दिसतो.
तो काही बोलत नाही.
पलीकडेही कुणी बोलत नसावं.
मग त्याचे ओठ हलतात, मला इथून वाचता येतात,
सकाळच्या साडेदहाला
तो विचारतो आहे,
जेवलीस का?