छत्तीसचा आकडा

कारण विचारलंस ना, निहार,
तर पहिलं कारण तांदूळ.
कॅमेरा मी तांदळाच्या डब्यात ठेवते,
नाहीतर हर्णैची हवा भिंगावर बुरशी पेरते.
दोन महिन्यांनी झाकण काढलं
की चामड्याला भाताचा वास,
आणि आत एखादं रीळ अर्धं भरलेलं,
काय काय टिपलं होतं ते मीच विसरलेली.
हे तुला पटणार नाही. ठीक आहे.

दुसरं ऐक.
छत्तीस फोटो. संपले की संपले.
माझा नि घाईचा तिथूनच छत्तीसचा आकडा.
पोस्टात बावीस वर्षं शिक्के मारले खटाखट,
इथे अंगठा तसा चालत नाही.
सुवर्णदुर्गावरचं ऊन उतरत जातं,
पाय वाळूत रुततात,
मी श्वास धरून उभी
आणि पुष्कळदा तशीच परत येते.
ते न काढलेले फोटो
काढलेल्यांपेक्षा मला नीट आठवतात.

पाणी मात्र छळतं.
आपली विहीर मचूळ.
रात्री मोरीत फिल्म धुतली
तर सकाळी आभाळाच्या तोंडावर देवीचे वण.
आता दापोलीहून विकतचं पाणी आणते,
रिक्षावाला मुजावर विचारतो, पाहुणे किती आलेत?

आणि चांगुणा पावशे.
आश्विनातला लिलाव, ती पापलेटांच्या ढिगामागे.
बटण दाबलं तशी म्हणाली, "दाखव."
कॅमेरा उलटा करून दाखवला.
"ह्यात तर कायच नाय!"
"शिमग्याला देते."
"तवर मी म्हातारी व्हईन गो."

पालखी नाचून गेली तेव्हा कुठे रीळ संपलं.
फोटोत तिचे डोळे मिटलेले. दोन्ही.
तोंड अर्धं उघडं, भाव सांगता सांगता.
तुझा फोन असता तर तिथेच म्हणाली असती, पूस तो,
मी पुसला असता,
दुसरा काढला असता, मग तिसरा,
छान हसरा.

नेऊन दिला तसाच, थोडी ओशाळून.
तिने स्वतःकडे बघितलंच नाही.
ओलं बोट पदराला पुसलं
आणि टेकवलं मागे, कोपऱ्यात,
जिथे मला नुसता निळा पट्टा दिसत होता.
"ही आमची कमळजा."

पौषात विकली होडी, इंजिनासकट.
नव्या मालकाने नाव खरवडून
दुसरं रंगवलंय म्हणे.
"हितं हाय अजून," चांगुणा म्हणाली.
समोर एक बाई सुरमईचा भाव विचारत होती,
दोनदा विचारला तिने,
तिसऱ्यांदा मीच सांगितला, चुकीचा.

तर असं.
ह्यात कारण कोणतं ते तूच बघ,
मला धड सांगता येत नाही.
आत अजून एकोणीस शिल्लक आहेत.
झाकण नीट लाव,
तांदूळ सांडतील.