हाकाऱ्यांचा जोंधळा

शिकारखात्याच्या वहीत सात अस्वलं आहेत.
फसली तेराशे बारा, दाजीपूरचं रान.
तारीख, नर की मादी, लांबी फूट-इंचात,
बार कुणाचा, आणि शेवटी शेरा.
मोडी वाचून दाखवतात इंगवले मास्तर,
भिंगाखाली बोट सरकवत,
दर चार ओळींनी तपकिरीची चिमूट.
"हे बघा. अस्वल मादी, पाच फूट दोन.
शेरा : मध फार."
मध फार म्हणजे काय, मास्तर?
"पोटात असंल. फाडल्यावर दिसला असंल."

मला दिलेलं काम साधं होतं :
या वह्यांवरून सांगा,
अस्वलं वाढत होती की घटत होती.
मी ठिपके मांडले.
सात, सहा, आठ, सात.
मधली दोन सालं कोरी, तिथं शून्य लिहायला गेले
तर मास्तरांनी पेन्सिलच धरली.
"शून्य न्हवं, बाई. प्लेगाची सालं ती.
अस्वलं हुती. लिहिणारा न्हवता."
शून्य खोडलं. जागा कोरी ठेवली.
मग पुन्हा सात, सहा, सात.
बारा वर्षांची रेघ,
वारा पडल्यावर रंकाळा दिसतो तशी.
मी कळवून टाकलं : संख्या स्थिर.
आणि त्या रात्री राजारामपुरीतल्या खोलीवर
गाढ झोपले.

कोठीचं बाड निघालं ते नंतर,
निराळ्या रुमालात, निराळ्या कारकुनाच्या हातचं.
त्याला अस्वलाशी काही देणंघेणं नव्हतं.
'हाकाऱ्यांस जोंधळा, माणशी रोजी शेर.'
एवढंच, पानामागून पान.

तेराशे बारा : सात अस्वलं, सतरा मण.
तेराशे चोवीस : सात अस्वलं,
सत्त्याहत्तर मण.

चाळीस शेरांचा मण. मी कागदावर करून बघितलं,
मग पुन्हा, मग मास्तरांनी तोंडी.
आधी एका अस्वलामागं शंभराला तीन कमी माणसं,
शेवटी चारशे चाळीस.
तेवढ्या नरड्यांनी, डब्यांनी, ताशांनी
डोंगर विंचरून काढला
तेव्हा कुठं तेच सात भरले.
रेघ सपाट होती.
रान तिच्याखालनं घसरत होतं.

हा आकडा घेऊन मी दाजीपूरच्या वर
धनगरवाड्यावर गेले. धाकलू यमकर,
वय विचारलं तर म्हणाला, लिहा ऐंशी.
त्याचा आजा हाकाऱ्याला जायचा.
"शेर जोंधळा मिळायचा, व्हय. मापात मारायचे.
आन् एक सांगू? लिवू नका.
पाठीवर पिल्लं घिऊन अस्वलीण आली समोरनं,
की आमची वळ गप.
डबा न्हाई, हाळी न्हाई. जायाची ती मधनं."
दया यायची?
तो हसला. "दया कसली. भ्या.
पिल्लंवाली उलटती, तोंड सोलती."
आणि घरातनं बहिणीला हाक मारली.
ती आली, पदर गालावरनं काढला,
पुन्हा घेतला.
चहा द्यायला आत गेली.

माझ्या वहीत सातांत माद्या एक, कधी दोन.
मी लिहून बसले होते, माद्या कमी.
कमी नव्हत्या. चारशे माणसं
जिथं जिथं गप्प राहिली
तिथनं त्या निघून गेल्या होत्या,
आणि कोठीवाल्यानं त्या गप्प बसण्याचाही
शेरभर जोंधळा लिहून ठेवलाय.

किती वेळा गप बसलात, आजोबा?
"ते आज्याला इचारायचं, बाई."

म्हणजे घसरण होती,
पण मला दिसली तेवढी नसेल.
किंवा असेलही. भीती दरसाल
सारखीच असते का, हे कुठल्या रुमालात बघू?
गणितात त्यासाठी अक्षर घेतलं,
पुढं प्रश्नचिन्ह.

उतरताना, करवंदीच्या जाळीपाशी
वारूळ उकरलेलं. माती अजून ओली,
नखांचे चर कोपरभर खोल.
लिहिलं : एक.
जरा उभी राहिले.
मग 'एक'च्या आधी लिहिलं :
निदान.